मायक्रोकंट्रोलर आणि सिम्युलेटर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच जागी येऊन अडकलेले दिसतात. प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल होतो (म्हणजे चिपच्या भाषेत उतरतो), सिम्युलेटरही, म्हणजे संगणकावर सर्किट चालवून दाखवणारा प्रोग्रॅमही, सुरू होतो, पण पडद्यावर भलतंच काहीतरी घडतं. अशा वेळी कोडच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचण्यात बराच वेळ जातो. त्यापेक्षा सिम्युलेटर थांबवून रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या साठवण-जागांमध्ये, काय आहे ते बघावं, असं आमचं ठाम मत आहे. खालची बरीचशी उत्तरं त्याच वाटेनं जातात.

प्रश्न: एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरवर एलईडी दर सेकंदाला चालू-बंद करायचा आहे. प्रोग्रॅममध्ये एफ_सीपीयू १६ मेगाहर्ट्झ दिलं आहे, सर्किटमध्ये १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर जोडले आहेत. तरी प्रोटियस या सिम्युलेटरमध्ये एलईडी बदलायला १६ सेकंद लागतात. क्रिस्टल बदलून पाहिला, काही फरक नाही.

उत्तर: फरक पडणारच नव्हता. प्रोटियसमध्ये मायक्रोकंट्रोलरला घड्याळ मिळतं ते त्याच्या गुणधर्मांच्या खिडकीत भरलेल्या आकड्यावरून आणि फ्यूजच्या, म्हणजे चिपमध्ये कायम राहणाऱ्या सेटिंग बिटांच्या, निवडीवरून. चित्रातला क्रिस्टल पीसीबी काढताना उपयोगी पडतो, सिम्युलेशनमध्ये त्याला काही काम नसतं.

तुमच्या प्रश्नातला १६ हा आकडाच दोष दाखवून देतो. एटीमेगा३२८पी कारखान्यातून येतो तेव्हा आतला ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर निवडलेला असतो आणि घड्याळाला ८ ने भागणारा सीकेडीआयव्ही८ हा फ्यूजही लावलेला असतो. म्हणून प्रत्यक्षात चिप १ मेगाहर्ट्झवर धावते. एफ_सीपीयू ही व्याख्या चिपचा वेग बदलत नाही. ती फक्त कंपाइलरला सांगते, की विलंबाचा हिशेब कोणत्या वेगाने करायचा. हिशेब १६ चा आणि धाव १ ची, म्हणून एका सेकंदाचे १६ झाले.

चिपवर दोनदा क्लिक करून घड्याळ निवडणारा सीकेएसईएल फ्यूज बाह्य क्रिस्टलवर न्या, सीकेडीआयव्ही८ काढा आणि घड्याळाच्या रकान्यात १६ मेगाहर्ट्झ भरा. पुढेही विलंब चुकला तर किती पटीने चुकला ते आधी काढा. ८ पट म्हणजे भागाकाराचा फ्यूज तसाच राहिला. दुप्पट म्हणजे चिप ८ वर आणि हिशेब १६ चा. भलताच, कशातच न बसणारा आकडा आला तर कंपाइलरचं ऑप्टिमायझेशन (कोड आटोपशीर आणि वेगवान करणारी सोय) बंद आहे का ते बघा. एव्हीआर-जीसीसी या कंपाइलरची (एव्हीआर म्हणजे एटीमेगासारख्या चिपांचं घराणं) तयार विलंब फंक्शनं ऑप्टिमायझेशनशिवाय बरोबर चालत नाहीत, तशी सूचनाही कंपाइल करताना येते.

वेळ मोजताना मनगटावरचं घड्याळ लावू नका. खालच्या पट्टीवर सिम्युलेशनची स्वतःची वेळ दिसते, ती धरा. मायक्रोचिप स्टुडिओच्या सिम्युलेटरमध्ये प्रोसेसर स्टेटस खिडकीतला सायकल काउंटर बघा. तिथली स्टॉपवॉच त्याच खिडकीत भरलेल्या फ्रिक्वेन्सीवर चालते, ती आधी दुरुस्त करावी लागते.

प्रश्न: एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि एटीमेगा३२८पी वापरून तापमापक केला आहे. संदर्भ व्होल्टेज ५ व्होल्ट. ३१ अंशांपर्यंत आकडा ठीक येतो, पण सेन्सरवरचं तापमान ३३ केलं की उणे ३१ दिसतं आणि ३४ केलं की उणे ३०! सूत्र: एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचं) वाचन गुणिले ५००, भागिले १०२४. एडीसीच बिघडला आहे का?

उत्तर: एडीसी ठणठणीत आहे, दोष गुणाकारात आहे. एव्हीआरवर इंट, म्हणजे सी भाषेतला पूर्णांकाचा प्रकार, १६ बिटांचा असतो, त्यात सर्वांत मोठी संख्या ३२७६७. संगणकावर हेच सूत्र बरोबर उत्तर देतं, कारण तिथे इंट साधारणपणे ३२ बिटांचा असतो. त्यामुळेच ही चूक सहजासहजी लक्षात येत नाही.

गुणाकाराच्या ओळीवर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवणारी खूण) ठेवा आणि किमती दाखवणाऱ्या वॉच खिडकीत वाचन आणि गुणाकार दोन्ही घ्या. एडीसीची एक पायरी ५ भागिले १०२४, म्हणजे साधारण ४.८८ मिलिव्होल्ट. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ३२ अंशांना ३२० मिलिव्होल्ट, वाचन ६५, गुणाकार ३२५००. हा अजून मावतो आणि ३१ दिसतं. ३३ अंशांना वाचन ६७ येतं, गुणाकार व्हायला हवा ३३५००. तो मावत नाही, ६५५३६ वजा होऊन उणे ३२०३६ उरतो आणि १०२४ ने भागल्यावर उणे ३१ दिसतं. ३४ अंशांना वाचन ६९, त्यातून उणे ३१०३६ आणि उत्तर उणे ३०. तुमच्या पडद्यावरचे दोन्ही आकडे तंतोतंत असेच येतात.

उपाय एका अक्षराचा आहे: ५०० च्या मागे 'एल' लावा, म्हणजे गुणाकार ३२ बिटांत होईल. कंसातला गुणाकार झाल्यावर बाहेरून लाँग लावून उपयोग नाही, तोवर संख्या फुटलेली असते. आणि अनसाइन्ड इंट करून वेळ मारून नेऊ नका. ती सीमा फक्त पुढे ढकलली जाते आणि वाचन १३२ झालं, म्हणजे तापमान ६४ च्या वर गेलं, की पुन्हा तेच होतं, शिवाय उणे चिन्ह नसल्यामुळे चूक पटकन दिसतही नाही.

सूत्र दुरुस्त झालं की आणखी एक सुधारणा करण्यासारखी आहे. ५ व्होल्टच्या संदर्भावर एक पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची पडते. आतला १.१ व्होल्टचा संदर्भ घेतला तर पायरी साधारण १.०७ मिलिव्होल्टची होते आणि एका अंशाचे नऊ भाग दिसू लागतात. मोजता येणारं तापमान मात्र ११० अंशांपर्यंतच. तेव्हा एआरईएफ या संदर्भाच्या पिनवर ५ व्होल्ट जोडलेले नकोत, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर तेवढा जमिनीकडे लावा. प्रत्यक्ष चिपमध्ये हा संदर्भ १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. सिम्युलेटर आदर्श आकडाच धरतो, तेव्हा बोर्डावर आल्यावर एआरईएफवरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून सूत्रात घाला.

एडीसीचं घड्याळही एकदा तपासा. पूर्ण १० बिटांची अचूकता हवी असेल तर ते ५० ते २०० किलोहर्ट्झमध्ये हवं. १६ मेगाहर्ट्झवर १२८ ने भागलं की १२५ किलोहर्ट्झ मिळतं. सिम्युलेटरला चुकीचा भागाकार बहुधा खटकत नाही, खऱ्या चिपला खटकतो.

प्रश्न: प्रोटियसमध्ये प्रोग्रॅम चालतो, पण थांबवल्यावर सी भाषेतल्या ओळी दिसत नाहीत, नुसता असेंब्ली कोड दिसतो.

उत्तर: तुम्ही हेक्स फाइल दिली आहे. हेक्समध्ये फक्त पत्ते आणि बाइट असतात, ओळींची किंवा व्हेरिएबलांची नावं नसतात. त्याच प्रकल्पातली, ही माहितीही असलेली ईएलएफ फाइल प्रोग्रॅम फाइलच्या रकान्यात द्या. जाता जाता फाइलची तारीख-वेळही बघून ठेवा. कंपाइल फसलं तर जुनी फाइल फोल्डरमध्ये तशीच राहते आणि सिम्युलेटर तीच चालवत बसतो.

प्रश्न: टायमरच्या इंटरप्टमध्ये (मुख्य काम थांबवून मध्येच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एक फ्लॅग १ करतो आणि मुख्य लूपमध्ये त्याची वाट बघतो. डीबग बिल्डमध्ये चालतं, रिलीज, म्हणजे जास्त ऑप्टिमायझेशनच्या, बिल्डमध्ये मुख्य लूप तिथेच अडकतो. वॉच खिडकीत फ्लॅग १ झालेला स्पष्ट दिसतो!

उत्तर: फ्लॅगच्या व्याख्येला व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच, असं कंपाइलरला सांगणारा शब्द) लावलेलं नाही. कंपाइलर फक्त मुख्य लूपकडे बघतो. तिथे फ्लॅग कुणीच बदलत नाही असं त्याला दिसतं, म्हणून तो मेमरीतून एकदाच वाचतो आणि पुढे वाचायचं सोडून देतो. डिसअसेंब्लीची, म्हणजे चिपच्या सूचना दाखवणारी, खिडकी उघडा. व्हेरिएबल आणणारी सूचना लूपच्या बाहेर, वर दिसेल, आणि खाली स्वतःवरच उडी मारणारी एकच सूचना असेल. मेमरीत फ्लॅग १ झालेला आहे, पण तो कुणी वाचतच नाही. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून काम भागवणं म्हणजे दोष झाकणं, व्होलाटाइल लावा.

मात्र फ्लॅगऐवजी १६ बिटांचा काउंटर असेल तर व्होलाटाइल पुरत नाही. ८ बिटांची चिप तो दोन हप्त्यांत वाचते. समजा काउंटर २५५ आहे. मुख्य लूपने खालचा बाइट २५५ उचलला, तेवढ्यात इंटरप्ट आला आणि काउंटर २५६ झाला. आता वरचा बाइट १ मिळाला आणि दोन्ही जोडून झाले ५११. हे हजारातून एखाद्या वेळीच होतं, म्हणून शोधायला फार त्रास देतं. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करा, स्थानिक व्हेरिएबलमध्ये प्रत काढा आणि एसआरईजी (इंटरप्ट चालू-बंद करणारा बिट असलेलं रजिस्टर) पूर्वीसारखं करा. सिम्युलेटरमध्ये हा दोष मुद्दाम घडवता येतो: डिसअसेंब्लीत दोन वाचनांच्या मध्ये थांबा, टायमरचा फ्लॅग हाताने चढवा आणि एकेक पाऊल पुढे जा. ही सोय बोर्डावर मिळत नाही, तिचा उपयोग करून घ्या.

प्रश्न: एटीमेगा३२८पी चा प्रोग्रॅम काही सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. रीसेट पिनला १० किलोओहमचा पुल-अप आहे. कारण कसं शोधावं?

उत्तर: आधी एवढंच ठरवा, की चिप खरोखर रीसेट होते आहे की प्रोग्रॅम उडी मारून शून्य पत्त्यावर येतो आहे. मेन फंक्शनच्या पहिल्या ओळीत एमसीयूएसआर हे रीसेटचं कारण नोंदवणारं रजिस्टर एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लगेच रजिस्टर शून्य करा, कारण त्यातले बिट साठत जातात. त्या ओळीच्या पुढे ब्रेकपॉइंट ठेवा. पहिल्यांदा थांबेल तेव्हा बिट क्रमांक ०, म्हणजे वीज आल्याचा, लागलेला दिसेल, तो सोडून द्या. दुसऱ्यांदा थांबेल तेव्हाची किंमत महत्त्वाची. बिट १ म्हणजे रीसेट पिन, बिट २ म्हणजे व्होल्टेज घसरलं, बिट ३ म्हणजे वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर).

किंमत शून्य आली तर रीसेट झालेलाच नाही. याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे इंटरप्ट चालू केला, पण त्याचं फंक्शन लिहिलं नाही किंवा त्याच्या नावात चूक झाली. एव्हीआर-जीसीसीमध्ये असा अनाथ इंटरप्ट थेट शून्य पत्त्यावर नेऊन सोडतो. टायमर १ च्या तुलना-इंटरप्टच्या नावातलं शेवटचं 'ए' गळलं तरी प्रोग्रॅम कंपाइल होतो. नाव चुकलेलं दिसतंय, अशी एक पिवळी सूचना फक्त येते. सूचना वाचायची सवय नसेल तर ती लावून घ्या.

नावं बरोबर असतील तर स्टॅककडे, म्हणजे रॅममधल्या परतीचे पत्ते ठेवणाऱ्या भागाकडे, वळा. या चिपला रॅम २०४८ बाइट. एलसीडीवर किंवा सिरियलवर पाठवायचे संदेश साधेपणाने लिहिले तर सगळे रॅममध्ये जाऊन बसतात. ३० अक्षरांचे ४० संदेश म्हणजे १२०० बाइट गेलेच. स्टॅक वरून खाली वाढतो आणि व्हेरिएबलांवर चढतो, परतीचा पत्ता पुसला जातो आणि प्रोग्रॅम कुठेही भरकटतो. मेनच्या सुरुवातीला थांबून मेमरीच्या खिडकीत मोकळी रॅम हेक्स एए ने भरा. मग प्रोग्रॅम थोडा वेळ, सगळे मेनू फिरून, चालवा आणि थांबवा. मध्ये एए चा पट्टा शिल्लक असेल तेवढी रॅम सुरक्षित. पट्टा उरलाच नसेल तर संदेश फ्लॅश मेमरीत हलवा.

प्रश्न: ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट) 'हॅलो' पाठवतो, व्हर्च्युअल टर्मिनलवर कचरा येतो. बॉड ठरवणाऱ्या टीएच१ रजिस्टरमध्ये हेक्स एफडी आहे, टर्मिनलही ९६०० वर आहे.

उत्तर: एफडी, म्हणजे २५३, ही किंमत ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी आहे. प्रोटियसमध्ये ८०५१ च्या घड्याळाच्या रकान्यात बहुतेकदा १२ मेगाहर्ट्झ भरलेले असतात. तेव्हा बॉड होतो १२०००००० भागिले ३८४, भागिले ३ (२५६ वजा २५३), म्हणजे १०४१७. साडेआठ टक्क्यांची चूक. स्टॉप बिटच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिट होतात, तोवर घसरण पाऊण बिटाच्या पुढे जाते आणि घेणारा भलताच बिट वाचतो. रकान्यात ११.०५९२ भरा. क्रिस्टल १२ चाच वापरायचा असेल तर २४०० बॉडवर या आणि टीएच१ मध्ये २४३ घाला. तिथे चूक ०.१६ टक्के इतकीच राहते.

घड्याळ बरोबर असूनही कचरा येत असेल आणि टर्मिनल मॅक्स२३२ या सिरियल सिग्नलची पातळी बदलणाऱ्या चिपच्या पलीकडे जोडलेला असेल, तर टर्मिनलच्या गुणधर्मांत ध्रुवता उलटी करा. मॅक्स२३२ सिग्नल उलटवतो.

प्रश्न: 'सीपीयूवर जास्त भार असल्यामुळे सिम्युलेशन प्रत्यक्ष वेळेत चालत नाही' असा संदेश येतो. माझा कोड जड झाला आहे का?

उत्तर: संदेशातला सीपीयू तुमच्या संगणकाचा आहे, मायक्रोकंट्रोलरचा नाही. उत्तरं चुकत नाहीत, फक्त हळू येतात. भार वाढवतात ते अ‍ॅनालॉग भाग: ट्रान्झिस्टर, मोटर, आरसी फिल्टरमधून जाणारा वेगवान पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल). एलईडीचा मॉडेल प्रकार डिजिटल करा, आय-टू-सी (चिपांना जोडणारी दोन तारांची पद्धत) च्या तारांवर साध्या रेझिस्टरऐवजी प्रोटियसचा डिजिटल पुल-अप लावा, तपासायचा नसलेला भाग तेवढ्यापुरता काढून ठेवा. अ‍ॅनिमेशनच्या सेटिंगमध्ये सेकंदाला २० फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमला ५० मिलिसेकंद असतात. त्याऐवजी १० आणि १०० केलं तरी चालतं. दोन्हींचा गुणाकार १ सेकंद राहिला पाहिजे.

प्रश्न: पीआयसी १६एफ८७७ए या मायक्रोकंट्रोलरच्या पोर्ट ए वर सहा एलईडी आहेत, पिन आणि जमीन यांच्यामध्ये. आरए४ वरचा कधीच लागत नाही.

उत्तर: आरए४ ओपन-ड्रेन आहे. ती पिन जमिनीकडे ओढू शकते, वर ढकलू शकत नाही. एलईडी आणि रेझिस्टर ५ व्होल्टकडून पिनकडे जोडा आणि त्या बिटाचं तर्कशास्त्र उलटं करा. प्रोटियसमध्ये पिनजवळचा चौकोन बघत जा: लाल म्हणजे वर, निळा म्हणजे खाली, राखाडी म्हणजे तरंगती पिन, पिवळा म्हणजे दोघांची ओढाताण. तुमच्याकडे एक लिहिल्यावर आरए४ लाल होत नसेल. या पोर्टवर बटणं वाचायची असतील तर एडीकॉन१ या रजिस्टरमध्ये ६ घाला. चालू होताना या पोर्टच्या बहुतेक पिना अ‍ॅनालॉग असतात आणि डिजिटल वाचन शून्यच येतं.

प्रश्न: एटीमेगा३२ चा प्रोग्रॅम सिम्युलेटरमध्ये उत्तम चालतो. बोर्डावर मात्र पोर्ट सी वरचे मधले चार एलईडी हलत नाहीत आणि बटण एकदा दाबलं तरी मोजणी दोन-तीनने वाढते.

उत्तर: हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्ही सिम्युलेटरला दिसत नाहीत.

पीसी२ ते पीसी५ या चार पिना जेटॅगच्या (बाहेरून चिप तपासण्याच्या जोडणीच्या) आहेत आणि नव्या चिपमध्ये जेटॅग चालू असतं. वरच्या फ्यूज बाइटची मूळ किंमत हेक्स ९९ आहे, ती डी९ केली की जेटॅग बंद होतं. त्या बाइटमधला एसपीआयईएन चुकूनही हलवू नका, नाहीतर नेहमीच्या प्रोग्रॅमरने चिपशी बोलता येणार नाही. फ्यूजला हात लावायचा नसेल तर एमसीयूसीएसआर रजिस्टरमधला जेटॅग बंद करणारा जेटीडी बिट लागोपाठ दोनदा १ करा. दोन्ही लेखनं चार घड्याळ-चक्रांच्या आत व्हावी लागतात. ऑप्टिमायझेशन बंद असेल तर मध्ये जास्त सूचना शिरतात आणि जेटॅग चालूच राहतं.

बटणाचं म्हणाल, तर खऱ्या बटणाचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात, सिम्युलेटरमधलं बटण थरथरत नाही. टायमरने दर ५ मिलिसेकंदांनी पिन वाचा आणि लागोपाठ चार वाचनं सारखी आली तरच बटण दाबलं असं धरा. हे सिम्युलेटरमध्येच तपासता येतं. बटण काढून त्या जागी डिजिटल पॅटर्न जनरेटर लावा आणि १ मिलिसेकंद वर, १ मिलिसेकंद खाली अशा पाच-सहा उड्या देऊन मग १०० मिलिसेकंद पातळी स्थिर ठेवा. सोडतानाच्या बाजूलाही तशाच उड्या द्या. या सगळ्यातून मोजणी एकानेच वाढली तर तोच कोड बोर्डावर बर्न करा.